तेरा वर्षांचा वग

॥ श्री ॥

तळेवाडी, पालीमार्गे,
जि. रत्नागिरी
५ डिसेंबर २०२४

चि. नितेशभावजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. भात झोडून झालं. आबांचा खोकला कमी आहे. डाव्या कानाने त्यांना ऐकू येईनासं झालंय आणि उजव्या कानाने त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं. मनस्वीची परीक्षा आटोपली. शिवाच्या गाडीने तांदळाचं पोतं पाठवते आहे, त्यात वरच आमसुलांची पिशवी आहे आणि त्या पिशवीत हे पत्र. पोतं आधी जाऊबाई उघडतील, तेव्हा पत्र मिळालं नाही असं तुम्हाला म्हणता यायचं नाही.

तुम्ही हसाल, फोन असताना वहिनीला हे काय सुचलं म्हणून. फोनवर तुम्ही "बघू" म्हणता. व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवता. त्या अंगठ्याचा अर्थ हो, नाही, की नुसतं वाचलं, हे मला अजून उमगलेलं नाही. कागदावर अंगठा चालत नाही, निदान आपल्या घरात तरी. आबासुद्धा सही करतात.

देवदिवाळीला तुम्ही आला नाहीत. मी रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे, चांगलीच. अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. वाडीतली झाडून सगळी माणसं येऊन बसली होती. मी मृदंग पुसून, हळदकुंकू लावून पाटावर ठेवला होता. केरूभाऊंनी तर दाढी करून नवा सदरा घातला होता. तुमची गाडी पाच वाजता येणार होती. सात वाजता तुमचा अंगठा आला. मी वर तुम्हाला चार ओळी लिहिल्या होत्या, "सगळे थांबलेत, कुठवर आलात", आणि त्याखाली तो अंगठा. मग सगळ्यांना चहा दिला आणि मृदंग उचलून आत नेला. भागोजीकाका तेवढे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे तुमचाच शब्द.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण ठाऊक नसल्यासारखे वागता, म्हणून एकदा लिहूनच काढते. आपल्या वाडीच्या नमनाचा, शिमग्याला पालखीपुढे होणाऱ्या नाचगाण्याच्या खेळाचा, मृदंग तुमच्या घराण्याकडे. ज्याच्या हाती मृदंग तो मंडळाचा नायक, गणाला पहिली थाप त्याची, आणि ती पडल्याशिवाय कोणी पायात घुंगरू बांधायचे नाहीत. नायकाने तो जिवंतपणी, देवदिवाळीला, चारचौघांसमोर पुढच्याच्या हातात द्यायचा आणि एकदा दिला की परत घ्यायचा नाही. आबांनी तो तुमच्या दादांना दिला. दादा तीन वर्षांपूर्वी गेले ते कोणाच्याही हातात न देता. त्या वयात कोण देतो? आबांना तो परत घेता येत नाही. म्हणून तो माझ्याकडे राखणीला. मी तो तुमच्या हातात ठेवायचा की झालं. मी तयार आहे, माणसं तयार आहेत, फक्त हात मुंबईला आहेत.

तीन शिमगे आपलं नमन झालेलं नाही. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसते, गावातले बाकीचे येऊन आपापलं सादर करून जातात आणि आपली वाडी टाळ्या वाजवते. दोन पोरं जयगडच्या बंदरावर लागली, त्यांना सुटी मिळत नाही. दोघं खालच्या वाडीच्या नमनात जाऊन नाचली. मी कोणाला दोष देत नाही. नाचणाऱ्याचे पाय किती वर्षं थांबतील?

आता एक बरी बातमी. मी वग लिहायला घेतला आहे. आपल्या नमनातले वग तुम्हाला आठवतच असतील, कुठला तरी राजा, कुठला तरी प्रधान, राणीला वनवास आणि शेवटी सगळ्यांची भेट. दर वेळी राजाचं नाव तेवढं बदलायचं. यंदा मी खरा राजा घेतला आहे. मनस्वी इतिहास शिकते, ती मला रविवारी वाचून दाखवते आणि मी भाजी निवडता निवडता तिला प्रश्न विचारून भंडावून सोडते.

बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, ज्याने उत्तरेच्या हर्षाला अडवलं, तो म्हातारपणी पल्लवांकडून हरला आणि राजधानीच गेली. मागे मुलं होती, पण पुढे कोण हे धड ठरेना. एक इकडे, एक तिकडे. धाकटा विक्रमादित्य उभा राहून सगळं परत मिळवीपर्यंत तेरा वर्षं गेली. तेरा वर्षं, भावजी! आणि त्या दिवसांत आपल्या कोकणात, खाली सावंतवाडीच्या बाजूला, थोरल्या मुलाची बायको विजयभट्टारिका कारभार बघत होती. नवरा बहुधा गेलेला असावा. तिचे ताम्रपट नेरूरला आणि कोचऱ्याला सापडले आहेत. जमिनी देत होती, वाद मिटवत असणार, माणसं सांभाळत होती. बदामी नव्हती, राजा नव्हता, पण तिच्या मुलखात कारभार चालू होता.

मनस्वीने हे वाचलं तेव्हा माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी तिला विचारलं, मग हिलाच का नाही बसवलं? ती म्हणाली, आई, इतिहासात असं विचारत नाहीत. इतिहासात विचारत नसतील, पण वगात कोण अडवतंय? म्हणून माझ्या वगात ती तेरा वर्षं जातच नाहीत. बदामी पडल्याची बातमी खाडीवर येते आणि विजया दिराला निरोप धाडते, या. दिराकडून उत्तर येतं, बघू. (हा शब्द मी तुमच्याकडून घेतला आहे, राग मानू नका.) मग ती वाट बघत नाही. पुढे काय करते ते अजून लिहिते आहे.

भागोजीकाकांना पहिला प्रवेश वाचून दाखवला. ते म्हणाले, जे झालंच नाही ते लोकांना दाखवायचं कशाला? मी म्हटलं, काका, संकासुर तरी कुठे झाला होता? त्याला तुम्ही दर वर्षी शेपूट लावून नाचवताच की.

तालमी सुरू केल्या आहेत, माजघराबाहेरच्या ओटीवर. विजया केरूभाऊच होणार. दुसरं कोणी नाही, आणि त्यांना लुगडं नेसायची सवय आहे. मृदंगाला माणूस नाही, म्हणून आतून दादांची जुनी टेप लावतो. बरी चालते.

शिमग्याला मात्र नक्की या. मृदंग घ्या आणि मला मोकळी करा. मोठ्यांना नमस्कार, ऋत्विकला पापा.

तुमची वाट पाहणारी,
वहिनी

*

॥ श्री ॥

तळेवाडी
२८ जानेवारी २०२५

चि. नितेशभावजी यांस आशीर्वाद.

तुमचा फोन आला, अर्धा तास बोललात, बरं वाटलं. ठेवल्यावर मात्र बरं वाटेना. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तुम्ही बोलत होतात आणि मी "हं हं" करत होते. ही माझी खोड तुम्हाला माहीत आहे, तिचा तुम्ही फायदा घेता.

तुम्ही म्हणालात, शिमग्याला येतो, मृदंग घेतो आणि दुसऱ्या दिवशी बरोबरच मुंबईला नेतो. मे महिन्यात तिकडे नाट्यगृहात मोठा प्रयोग करायचा, लाइट, माइक, धूर, सगळं. तालमी रविवारी नालासोपाऱ्याला. गावातल्या पोरांपैकी ज्यांना जमेल ते येतील. मृदंग तिकडे असला म्हणजे सगळ्यांच्या सोयीचं.

सगळ्यांच्या म्हणजे कोणाच्या, भावजी? केरूभाऊंच्या? ते पालीच्या बाजारापलीकडे गेले तर त्यांना चक्कर येते. आबांच्या? मृदंग इथे चुलीवरच्या फळीवर असतो म्हणून पावसात त्याच्या कातडी पुड्या सैल पडत नाहीत. रोज सकाळी आबा त्याला हात लावून मग चहा घेतात. तुमच्या घरी तो पोटमाळ्यावर बॅगांच्या मागे जाईल. जाऊबाईंना मी नावं ठेवत नाही, दोन खोल्यांत माणसं ठेवायची की मृदंग? पण मग नेता कशाला?

आणि तुमच्या मुंबईच्या मंडळाने वगात लढाई मागितली आहे, बदामीचा किल्ला, घोडे, तलवारी. कापडाचे घोडे मी करून देईन, त्याचं काही नाही. माझ्या वगात बदामी परत मिळते ती पुढच्याच सुगीला. विजया सरदारांना बोलावते, कोणी एक गाव मागतो, कोणी दोन, कोणी म्हणतो बाईच्या हाताखाली लढणार नाही. तिला सगळ्यांची नावं माहीत असतात, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाची होडी फुटली आहे, तेही माहीत असतं, आणि त्या जोरावर ती माणसं जमवते. त्यामुळे लढाई थोडीच होते. भागोजीकाका म्हणाले, एवढ्याशा लढाईला कोण उभं राहील बघायला?

पण माझं खरं घोडं अडलं आहे ते शेवटाला. बदामी मिळाली, दरबार भरला, आणि आता दीर आला. काका म्हणतात, यात विचार करायचा काय, राणीने मुकुट काढायचा, दिराच्या डोक्यावर ठेवायचा, शिंगं वाजवायची, आरती करायची. लोकांना तेच बरं वाटतं. मी तीनदा तसं लिहिलं. तिन्ही वेळा विजयाच्या तोंडी जे बोल आले ते मलाच खोटे वाटले. फाडले नाहीत, चूल पेटवायला वापरले.

कारण मी विचार करत बसते. समजा, बदामी पडली त्याच वर्षी विजयाला बसवलं असतं आणि तिने दरबारात एक रीत घालून दिली असती, की राजाने धडधाकट असतानाच पुढचं नाव सांगायचं, आणि नाव त्याचंच, ज्याने आधी एखादा मुलूख सांभाळून दाखवला आहे. थोरला की धाकटा, मुलगा की मुलगी की सून, हे नंतर. मग पुढच्या राजाच्या मागे चार भाऊ चार दिशांना पळाले नसते. शंभर वर्षांनी राष्ट्रकूटांनी त्यांचं राज्य घेतलं म्हणतात. माझ्या वगात त्यांना ते घेताच येत नाही, कारण आत शिरायला फट नाही. मनस्वी म्हणते, आई, मग आज आपण सगळे कानडी बोलत असतो. असू दे. काकांशी कानडीत भांडले असते.

हे सगळं ती हसत ऐकते. मला हसू येत नाही. मला राग येतो. तेराशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचा राग येतो, म्हणजे माझं काही तरी बिनसलं आहे.

मंडळाची बैठक आपल्या ओटीवर झाली. तुमचा मुंबईचा बेत मी सांगितला. पोरांची तोंडं उतरली. काका म्हणाले, मृदंग नितेशचा, तो नेईल तिथे. मी विचारलं, आणि नितेशने नेला नाही आणि घेतलाही नाही तर? काका म्हणाले, "वैनी, तुमचं काम राखायचं. राखताय ते चांगलं राखताय. पुढचं पुरुषांवर सोडा."

चांगलं राखताय! चुलीवरची फळी मी पुसते, पुडीला तेल मी लावते, वादी तुटली तेव्हा रत्नागिरीला जाऊन मी बदलून आणली. अंगणवाडीतून आले की वग लिहायचा, पोरांना ओरडून गोळा करायचं, त्यांच्या आयांना समजवायचं. हे राखणं. आणि तुम्ही दोन वर्षांतून एकदा येऊन हात पुढे केलात की ते घेणं.

जाऊ दे. तालमी चांगल्या होतात. केरूभाऊ अजून दरबाराच्या प्रवेशात बोल विसरतात. विसरले की टेप थांबते, आठवलं की पुन्हा सुरू होते. परवा ते दमले आणि बाहेरून म्हणाले, "वैनी, टेप वायच हळू लावा." टेप हळू झाली. सगळ्यांना कळतं, भावजी. कोणी बोलत नाही. ओटीवरचं पोरगंपोर "टेप लावा" म्हणतं आणि कोणी माजघराच्या दाराकडे बघत नाही. भागोजीकाका तर परवा दादांचं नाव घेऊन म्हणाले, संदेशची टेप काय साफ वाजते, एवढी जुनी असून!

तुम्ही विचाराल, कुठली टेप? विचारा. फोनवर नको, इथे येऊन विचारा.

शिमगा तोंडावर आला. या.

वहिनी

*

॥ श्री ॥

तळेवाडी
२० मार्च २०२५

नितेशभावजी,

परवा तुम्ही शिवाच्या गाडीत बसलात आणि खिडकीची काच लावून घेतलीत. मी डबा घेऊन उभी होते. तो डबा शिवाने तुमच्यापर्यंत पोचवला असेल तर घावने खाल्लीत का ते कळवा. नसतील खाल्ली तरी कळवा.

तुम्ही दिवसभर घरात होतात आणि मला एकच प्रश्न विचारलात, मृदंग कुठे आहे. मी म्हटलं, जिथे असतो तिथे. तुम्हाला वाडीत प्रत्येकाने वेगळं सांगितलं असणार. कोणी म्हटलं असेल वैनीने हट्ट केला, कोणी म्हटलं असेल आबांना म्हातारचळ लागलाय. मी जे झालं ते सांगते. मग काय समजायचं ते समजा.

पालखी सहाणेवर बसली होती. आपलं नमन पहिलं. पोरं रंगून तयार, केरूभाऊ लुगडं नेसून, दागिने घालून डब्यावर बसलेले. मृदंग सहाणेच्या कडेला, कनातीमागे, मी जवळ. ठरलं होतं ते असं, की तुम्ही याल, मी तो तुमच्या हातात देईन, तुम्ही पहिली थाप माराल आणि मग, तुमची तालीम नाही म्हणून, मी मृदंगासकट आत जाईन, टेप लागेल. होय, सहाणेवरसुद्धा टेपच लागणार होती, कनातीमागून. काकांनीच ती कनात मारून घेतली होती. म्हणजे बघा, किती पक्कं ठाऊक होतं सगळ्यांना.

दिवे लागले तेव्हा तुमचा फोन आला, की सुटी आत्ता मिळाली, गाडीत बसतोय, उद्या सकाळी पोचतो, आजच्या दिवस थांबा. मी ते मोठ्याने सांगितलं. माणसं उठायला लागली. केरूभाऊंनी कानातली फुलं काढायला घेतली. चौथा शिमगा. मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. एवढा राग, की देवासमोर उभी आहे याचंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात आबा बोलले. ते पालखीला टेकून बसले होते आणि मला वाटत होतं त्यांना काही ऐकू गेलेलं नाही. ते म्हणाले,

"टेप बंद कर गो बाय. आता भायेर येऊन बस."

काका म्हणाले, आबा, नितेश उद्या येतोय. शिवाय बाईमाणूस, तीही अशी, पहिली थाप...

आबा म्हणाले, "नितेश उद्या येईल. शिमगा आज हाय."

मी कनातीमागून बाहेर आले. आबांखेरीज कोणी मला बोलावलं नाही आणि कोणी अडवलंही नाही. मांडी घातली, मृदंग घेतला, डाव्या पुडीला कणीक लावली. समोर अख्खी वाडी, बायका एका बाजूला, आणि सगळ्या माझ्या हातांकडे बघत होत्या, जे हात त्यांनी तीन महिने फक्त ऐकले होते. मग मी थाप मारली. पोरांनी घुंगरू बांधले.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. टेप कधीच नव्हती. दादांची एक टेप होती ती बुरशी येऊन लग्नाच्या पाचव्या वर्षीच गेली. मला दादांनी शिकवलं, दार लावून, तुम्ही मुंबईला गेल्यानंतर. सुरुवातीला नुसती गंमत म्हणून. पुढे त्यांचा खांदा दुखायला लागला तेव्हा शेवटची दोन वर्षं घरातल्या सरावाला मीच वाजवत होते. सहाणेवर ते वाजवायचे आणि घरी येऊन मला विचारायचे, कुठे चुकलो. मी मृदंग राखत नव्हते, भावजी. मी तो वाजवत होते. "मला मोकळी करा" असं मी तुम्हाला लिहिलं ते खोटं होतं. मला मोकळं व्हायचं नव्हतं. तुम्ही येत नव्हता याचा राग मला यायचा, आणि येतो म्हणालात की त्याहून जास्त यायचा.

वगाचा शेवट मी सहाणेवर बसल्यावर ठरवला. केरूभाऊंना खूण केली, काही बोलू नका म्हणून. विक्रमादित्य झालेला पोरगा दरबारात आला, मुकुटासाठी वाकला आणि तसाच वाकून राहिला. केरूभाऊंनी त्याला हाताला धरून सरळ केलं आणि आपल्या उजव्या बाजूला बसवलं. एवढंच. शिंगं वाजली नाहीत. आधी कोणाला कळलंच नाही संपलं म्हणून. मग बायकांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या. काकांनीही वाजवल्या, थोड्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, लढाई कमीच होती.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही आलात त्या सकाळी मी परसात भांडी घासत होते. तुम्ही माजघरात गेलात, दार लोटून घेतलंत. मला ऐकू आलं. तुम्ही गणाची थाप वाजवून बघितलीत, दोनदा, तीनदा, आणि हात पुढे जाईना. मग फळीवर ठेवल्याचा आवाज.

मी आत आले नाही. यायला हवं होतं. भांडी तशीच टाकून यायला हवं होतं.

भावजी, मी या घरात आले तेव्हा तुम्ही सातवीत होतात. नमन चालू असताना मृदंगाच्या खोळीवर डोकं ठेवून झोपायचात, आणि तुमचे दादा वाजवून झाले की तुम्हाला खोळीसकट उचलून आणायचे. दहावी झाली आणि मुंबईला गेलात. तुम्हाला कोणी शिकवलंच नाही. कोणी विचारलंही नाही, शिकायचं आहे का. सगळे धरून चालले की नायकाच्या घरचा मुलगा, त्याला येतच असणार. म्हणून तुम्ही बघू म्हणत होतात. म्हणून देवदिवाळीला आला नाहीत. म्हणून मृदंग मुंबईला हवा होता, जिथे माइकवाला दुसऱ्या कोणाला बसवेल आणि तुम्ही नुसते पुढे उभे राहाल. हे मला त्या सकाळी कळलं. आधी कळलं असतं तर इतकी रागावले नसते. थोडी रागावलेच असते.

तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी तुम्हाला सांगितलं नाही. तिकडे तुम्हाला न येणाऱ्या मृदंगाची लाज आणि इकडे मला येणाऱ्या मृदंगाची. आपण दोघांनी मिळून आबांचे तीन शिमगे कोरडे घालवले. त्यांना आता किती शिमगे मिळणार आहेत?

म्हणून स्पष्ट लिहिते. मृदंग मी तुम्हाला देत नाही. मुंबईलाही जाणार नाही. मे महिन्यात तुमच्या मंडळाला प्रयोग करायचा असेल तर आम्ही सगळे येऊ, केरूभाऊंना गोळी देऊन आणू, आणि पहिली थाप मी मारीन, कनातीशिवाय. तुम्ही टाळ घेऊन माझ्या उजव्या हाताला उभे राहा. शिकायचं असेल तर गणपतीत चार दिवस जास्तीचे काढून या. माजघराचं दार उघडं ठेवून शिकवीन. पुढे तुमचा हात बसला तर देवदिवाळीला चारचौघांसमोर तुम्हाला देईन. मनस्वीचा आधी बसला तर तिला, आणि कोणा परक्या पोराचा बसला तर काकांशी भांडून त्याला. पण मी धडधाकट असतानाच देईन. माझ्यामागे कोणाला राखण करत बसावं लागणार नाही.

एक राहिलं. मनस्वीने परवा सांगितलं, नेरूरच्या त्या ताम्रपटावर काळ लिहिला आहे तो "स्वराज्याचं पाचवं वर्ष" असा. आपण शाळेत शिकलो ते स्वराज्य नव्हे, नुसतं आपल्या स्वतःच्या राज्याचं पाचवं वर्ष. आणि इतिहासवाले अजून वाद घालतात, की स्वतःचं म्हणजे कोणाचं? तिच्या नवऱ्याचं, दिराचं, की तिचं? मनस्वी विचारत होती, आई, तुला काय वाटतं. मी भाजी फोडणीला टाकली. मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसेना. लिहिणारीला माहीत होतं.

रागावला असाल तर रागवा, पण कळवा. अंगठा पाठवू नका. दोन ओळी लिहा.

तुमची वहिनी,
दमयंती
तळेवाडी, फाल्गुन वद्य,
स्वराज्याचं वर्ष पहिलं